जड पाण्याचा गडू

“जड पाणी म्हणजे बाधणारं पाणी नव्हे.” हे वाक्य माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल, कोण जाणे. चुलीपाशी, ओटीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत भाताची वाट बघताना. दादा अणुवीज केंद्रात नोकरीला होता, आणि लोकांना हे समजावून सांगणं हाही आपल्या नोकरीचाच भाग आहे अशी त्याची समजूत होती. त्याला गेल्याला आता दोन महिने होतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. निवृत्त होऊन वाडीतच येऊन राहिला होता. दुपारी आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता गेला. मी चहा घेऊन आले तेव्हा पेपर मांडीवर होता आणि चष्मा नाकावर.

दहाव्याला आम्ही संगमेश्वरच्या संगमावर होतो. वाडीतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले, आणि हळहळून म्हणाले, “काय करणार बाई, सगळी हयात जड पाण्यात काढली त्याने. कधी ना कधी बाधायचंच.”

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! मला पटकन बोलता येत नाही. मी हायस्कुलाच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, तिथे गप्प बसायचाच पगार मिळतो. पण त्या दिवसापासून मनात जे खदखदतं आहे ते खाली बसत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. रोज अर्धं पान होतं. काही दिवस तेही होत नाही.

आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं असतं, हलकं आणि जड. वरच्या विहिरीचं हलकं, खालच्या विहिरीचं जड. हलक्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, जेवण जिरतं. जड पाण्यात डाळ दगडासारखी राहते आणि पोट फुगतं. मुलगी द्यायची तर माणसं आधी त्या गावचं पाणी विचारत. “स्थळ चांगलं, पण पाणी जड” एवढ्यावर जुळत आलेलं मोडलेलं मी पाहिलं आहे. हे ज्ञान वाडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, त्याच्यापुढे कुठल्या पुस्तकाचं काय चालणार?

दादा पहिल्यांदा लागला तो राजस्थानात, एका नदीकाठच्या अणुवीज केंद्रात. तिथून त्याने पहिल्याच महिन्यात भाबडेपणाने लिहिलं, “आमच्या इथे सगळा कारभार जड पाण्यावर चालतो.” पत्र मी वाचून दाखवलं. आईचा चेहरा उतरला. लगेच मला उत्तर लिहायला बसवलं. “पाणी उकळून, गाळून पी. डाळ रात्री भिजत घाल. ओवा आणि सुंठ पाठवते आहे, जेवल्यावर चिमूटभर तोंडात टाक.”

त्याने चार पानी पत्रात खुलासा केला. पाण्यातला हायड्रोजन साधा असतो, याच्यातला दुप्पट वजनाचा; हे पाणी प्यायचं नसतं, अणुभट्टीत कणांचा वेग कमी करायला वापरायचं असतं. मी ग्रंथालयातून कोश आणून पडताळून पाहिलं, सगळं बरोबर होतं. आईला आणि काकूला समोर बसवून सावकाश वाचून दाखवलं.

काकू म्हणजे आमच्या धाकट्या काकांची बायको. शेजारच्याच घरात एकटी राहायची. काका मुंबईच्या गोदीत होते ते तिथेच वारले. वाडीतलं कुठलंही बारसं, बारावं तिच्यावाचून होत नसे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे तिकडं पानी तोलतात?”

“तोललं तर दहा भागांत एक भाग जास्त भरतं,” मी म्हणाले.

“मग जडच की गो. मी काय वेगळं बोलतंय?”

ओव्याची पुरचुंडी दर वर्षी जात राहिली. शेवटी दादाने खुलासे लिहिणं थांबवलं आणि ओवा पोचल्याचं कळवू लागला.

वीज हा दुसरा ताप. आमच्याकडे खांब आले होते, तारा आल्या होत्या, दिवेही लागत. पण पावसाळ्यात तीन दिवस असत आणि चार दिवस नसत. दिवे गेले की काकू कुंपणापलीकडून हाक मारी. “गो, तुज्या भावाची लाईट गेली बघ!” आमची वीज दादाची नव्हे, त्याचं केंद्र इथून शेकडो कोस दूर, हे मी पहिली दोन वर्षं सांगितलं. तिसऱ्या वर्षी म्हणाले, “पत्र टाकते त्याला.” त्यावर तिचं समाधान झालं.

एका मे महिन्यात दादा रजेवर आला होता, तेव्हा त्याने तिला एकदाचं समजावून सांगायचं मनावर घेतलं. चुलीवर पेजेचं पातेलं होतं. त्यावरच्या झाकणाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “काकू, वाफ झाकण उडवते ना? तशी खूप वाफ केली की ती चाक फिरवते. चाक फिरलं की वीज होते. आमच्या चुलीत लाकडाऐवजी युरेनियम, एवढाच फरक.”

“मग नदी कशाला रे लागते?”

“ती वाफ गार करायला. गार झाली की परत पाणी होतं, ते परत उकळायचं.”

काकूने पातेल्यात पळी फिरवली. मग म्हणाली, “आधी उकळायचा, मग गार करायचा, परत उकळायचा. आनि ह्यासाठी तू एवढा शिकलास?”

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही. मला तेव्हाही वाटायचं, आणि अजून वाटतं, की तो हसायचा म्हणून माणसं ऐकत नव्हती.

पुढे त्याची बदली उत्तरेत गंगेच्या काठी झाली. तिथे नवं केंद्र उभं राहत होतं. आईला पहिल्यांदा त्याच्या नोकरीचा अभिमान वाटला. वीज राहू दे बाजूला, पोरगा गंगेच्या काठी राहतो! आमच्या देव्हाऱ्यात पूर्वी गंगेचा गडू असे. आजोबांनी काशीहून आणलेला, तोंड डाग देऊन, म्हणजे कथील वितळवून जोडून, बंद केलेला तांब्याचा गडू. असा गडू एरवी उघडत नाहीत. घरातल्या कुणाची शेवटची वेळ आली की झाकणाचा डाग सुरीने खरवडून काढायचा आणि तोंडात दोन थेंब सोडायचे. आमचा गडू वडिलांच्या वेळी उघडला, तेव्हापासून देव्हाऱ्यातली ती जागा रिकामी होती. आईला ती जागा डाचत असे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, एका चैत्रात आई अंथरुणाला खिळली. पायांवर सूज, बसलं की धाप. संगमेश्वरचे डॉक्टर घरी येऊन गेले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, आता जेवढे दिवस आहेत तेवढे आहेत. मी दादाला तार केली. आईने त्या तारेत माझ्याकडून दोन शब्द जास्तीचे घालून घेतले. “येताना गंगा.” दुसरं तिचं काही मागणं नव्हतं. ना औषध, ना डॉक्टर. आपण जाताना आपल्या मुलाने आणलेली गंगा तोंडात पडावी, एवढंच.

दादा चार दिवसांनी आला. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून एस.टी. केसांत धूळ, डोळे लाल. मांडीवर सांभाळत आणलेली कापडी पिशवी त्याने आईच्या उशाशी ठेवली आणि टॉवेल सोडून गडू बाहेर काढला. चांगला जाड तांब्याचा होता. तोंडावर पांढरं चकचकीत झाकण, आणि त्याच्या कडेने दोरा ओवावा तसा सारखा पिवळा डाग. गडूत न मावलेलं पाणी एका काचेच्या बाटलीत होतं, घरात शिंपडायला म्हणून.

आईने गडूवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. इथेच थांबायला हवं होतं. पण दादाला कधी थांबता आलं आहे?

“कासाराकडे नाही दिला हां आई,” तो उत्साहाने म्हणाला. “त्यांचा डाग प्रवासात सुटतो. आमच्या केंद्रातला वेल्डर आहे, एकदम हुशार माणूस. आधी रिकाम्या गडूला झाकण जोडलं, झाकणाला बारीक भोक ठेवलं, त्यातून नळीने पाणी भरलं आणि मग भोक बुजवलं. मी त्याला बजावलं होतं, एक थेंब गळता कामा नये. तो म्हणाला, साहेब, शंभर वर्षं गळणार नाही.”

काकू दारात उभी होती. तिने विचारलं, “म्हंजे ह्या पानी तुज्या कारखान्यातला?”

“पाणी गंगेचं, काकू. डाग कारखान्यातला.”

“पन नदी तीच ना? जी कारखान्यात जाते?”

“ती. पण हे केंद्राच्या वरच्या अंगाला घाट आहे तिथलं.”

“वरच्या अंगाचा कशाला आनलंस? खालच्या अंगाचा वाईट?”

“वाईट नाही गं.”

“मग?”

“घाटच वरच्या अंगाला आहे!”

“हां,” काकू म्हणाली. ते ‘हां’ ज्यांनी ऐकलं नाही त्यांना मी ते कागदावर कसं दाखवू?

“काकू,” दादा म्हणाला, “आमची भट्टी अजून सुरूच झालेली नाही. अजून चाचण्या चालू आहेत.”

“सुरूच नाय? मग चार वर्सां तिकडं करतंस काय मेल्या?”

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की दादाने आईसाठी जड पाणी आणलं आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे वाडीतले निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाडीत पेपर त्यांच्याकडेच यायचा, त्यामुळे जगात काय चाललं आहे ते त्यांच्या तोंडून कळायचं, आणि त्यांच्या मताप्रमाणे कळायचं. दोन वर्षांपूर्वी रशियातल्या अणुभट्टीला अपघात झाला होता, त्या वेळची कात्रणं त्यांनी जपून ठेवली होती. ती घेऊनच आले. तिकडे दूध ओतून द्यावं लागलं, भाजी पुरावी लागली. दादाने प्रत्येक कात्रण शांतपणे वाचलं आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. मास्तरांनी प्रत्येक उत्तराला मान हलवली. मग म्हणाले, “तू म्हणतोस ते खरंच असेल. पण आजारी माणूस आहे. एकदा तपासून घेतलेलं बरं.”

“अहो मास्तर, जड पाण्याचा एक थेंब सांडला तरी आम्ही टिपून घेतो. इतकं जपतो ते. गडूभर मला कोण देईल?”

“म्हंजे मिळत असतं तर आनलं असतंस,” काकू मागून म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

तपासणीला दादा कबूल कसा झाला हे मला आजही कळलेलं नाही. त्याला वाटलं, सरकारी शिक्क्याचा कागद आला की तोंडं बंद होतील. शिकलेल्या माणसाचा कागदावर असा विश्वास असतो, माझाही होता. आईचे दिवस मोजके, दादाची रजा मोजकी, आणि त्यातला एक अख्खा दिवस त्याने बाटली घेऊन एस.टी.ने रत्नागिरीला जाण्यात घालवला. तिथल्या एका प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासत. बाटलीतलं अर्धं पाणी त्यांनी घेतलं. दोन दिवसांनी तो परत गेला आणि चिठ्ठी घेऊन आला.

मास्तर ओटीवर वाटच बघत बसले होते, काकूही. दादाने लिफाफा न उघडता मास्तरांच्या हातात दिला. केवढ्या ऐटीत दिला! मास्तरांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

“जंतू आढळले नाहीत. पाणी किंचित जड. पिण्यास हरकत नाही.”

मास्तरांनी चिठ्ठीची मागची बाजूही पाहिली. अंगणात कोंबड्या टोचत होत्या.

“बघा,” काकू म्हणाली. “आता सरकारानच लिवून दिलान.”

दादाने चिठ्ठी हातात घेतली, वाचली, आणि तो पायरीवर बसला. म्हणाला, “हे ते जड नव्हे. हे म्हणजे डाळ न शिजणारं जड. ते आमचं जड वेगळं.” मग थांबला. वीस वर्षं तो काकूला जे सांगत होता त्याच्या बरोबर उलट आता त्याला सांगावं लागत होतं. वीस वर्षं सांगितलं, आमचं जड पाणी म्हणजे डाळ न शिजणारं नव्हे. आता हे डाळ न शिजणारंच आहे, आमचं नव्हे. तो माझ्याकडे बघू लागला, जणू ग्रंथालयात याला काही शब्द असेल. शब्द होता. तसल्या पाण्याला पुस्तकात ‘दुष्फेन’ म्हणतात, साबणाला फेस न येणारं. पण लिहिणाऱ्याने दुष्फेन लिहिलं असतं तर काकूने त्यातून काय काढलं असतं, देव जाणे.

इतक्यात आतून आईने हाक मारली. माजघरातून तिला सगळं ऐकू जात होतं. आजारी माणसाला ऐकू येत नाही असं धडधाकट माणसांना का वाटतं? आम्ही आत गेलो. काकूही आली.

आई धापा टाकत होती, पण स्वर नेहमीचा होता. “काय झालं? जड आहे म्हणतात?”

“आई, अगं ते...” दादा सुरू झाला.

“असू दे रे. मला आता काय पचवायचं आहे?” ती म्हणाली. “जड तर जड. घाला.”

काकूने पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, ते मला दिसलं नाही.

आईने निकाल दिला होता. दादाला बरं वाटलं. गडू देव्हाऱ्यात रिकाम्या जागी बसला, अर्धी बाटली चिठ्ठीसकट पडवीतल्या फडताळावर गेली. रजा संपल्यावर दादा परत निघाला. त्याच्या केंद्रात चाचण्यांचे दिवस होते, आणखी रजा मिळण्यासारखी नव्हती. जाताना त्याने मला चार वेळा सांगितलं, “वेळ आली की गडू तूच उघड. माझ्या नावाने दे.” मी चिडून म्हणाले, “एकदा सांगितलंस तरी कळतं मला.” आमच्या त्या निरोपातलं हेच वाक्य लक्षात राहावं, याचाही मला राग येतो.

तो गेल्यावर बाराव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी पेज भरवत असताना आईची मान कलली. श्वास एकदम लांब झाले. मी काकूला हाक मारली. ती हातातलं टाकून आली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “गडू आन.”

मी गडू आणला, सुरी आणली. डागावर सुरी घासली. सुरी घसरली. परत घासली, पात्याला धार राहिली नाही, डागावर ओरखडासुद्धा नाही. अडकित्ता आणला, त्याच्या टोकाने झाकण उचकटायला गेले. हात सोलला. कासाराचा डाग कसा मऊ असतो, नखाने निघेल असा. वडिलांच्या वेळी मी पाहिला होता. हा दादाच्या वेल्डरचा डाग होता. एक थेंब गळणार नाही असा. जिथे थेंब गळला तर चौकशी बसते, तिथला.

“काय करतंस गो?” काकू ओरडली.

“निघत नाही!”

“फोड! कोयती घे आनि फोड!”

मी कोयती घेतली. देव्हाऱ्यातल्या गंगेच्या गडूवर, मरणाऱ्या आईच्या उशाशी बसून, मी कोयतीचे घाव घातले. पहिला घाव अर्धाच बसला, कारण मन होत नव्हतं. दुसऱ्याने पोचा पडला, तिसऱ्याने दुसरा. जाड तांबं आत जाई, फाटत नसे. गडू मांडीवरून निसटून गडगडत भिंतीला लागला. काकू आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “काय बनवलान गो ह्यानं, बॉम्ब?” आणि त्याच दमात आईचं डोकं माझ्या मांडीवर देऊन उठली, पडवीत धावली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात काचेची बाटली होती. दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी अजून बाटलीच्या गळ्यात लोंबत होती. तिने बूच दातांनी काढलं, तुळशीचं पान ओलं केलं आणि आईच्या ओठांना लावलं. मग तळहातावर थोडं घेऊन तोंडात सोडलं.

“घे बाय,” ती म्हणाली. “तुज्या झिलान, पोरान आनलान. घे.”

आईच्या घशाची एकदा हालचाल झाली. पाणी आत गेलं. मी पाहिलं. त्यानंतर चार श्वास होते, मग नव्हते.

ज्या बाईने तीन आठवडे वाडीभर त्या पाण्याची बदनामी केली तिनेच ते पाजलं. ह्याबद्दल मी तिला कधी काही विचारलं नाही. एकदाच, दिवस चालू असताना, तीच म्हणाली, “तुमच्या त्या जड पान्यावर माजा विश्वास नाय हां अजून.” आणि भाताचं आधण ठेवायला गेली.

दादा दिवसांना आला. मी त्याला तारेत आई गेल्याचं आणि ‘गंगा मिळाली’ एवढंच कळवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण गडू तसाच देव्हाऱ्यात होता. पुसून, पोचे भिंतीकडे करून मी तो ठेवला होता. त्याने पाहिला, उचलला, फिरवला. अंगठ्याने एकेक पोचा चाचपला. झाकणाच्या कडेने सुरीचे ओरखडे होते, तिथे अंगठा थांबला. काकूने घाईघाईने सांगितलं, “बाटलीतला दिला रे. तुज्याच हातचा.” त्याने मान हलवली. मग म्हणाला, “मीच त्याला बजावलं होतं. गळता कामा नये.”

गडू जागेवर ठेवून तो आंघोळीला गेला. त्यानंतर ह्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. जड पाण्यावर मात्र तो शेवटपर्यंत बोलत राहिला, भेटेल त्याच्याशी.

पुढल्या वर्षी त्याचं पत्र आलं. आमच्या केंद्राची पहिली वीज तारेत गेली, असं त्याने लिहिलं होतं, आणि ‘तारेत’ या शब्दाखाली रेघ ओढली होती. मी ते काकूला वाचून दाखवलं. बाहेर पाऊस होता आणि आमच्याकडे दोन दिवस दिवे नव्हते.

“हितपर्यंत यायला किती दिवस लागतील?” तिने विचारलं.

मी म्हणाले, “निघाली आहे.”

निवृत्त झाल्यावर दादा वाडीत आला. वहिनी आधीच गेली होती, मुलगा ठाण्याला असतो. काकूही तोवर गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि देव्हाऱ्यात तो गडू. रोज पूजा तोच करायचा, म्हणजे गडूही तोच पुसायचा. कुणाच्या वेळेला तो उघडायचा, आणि कसा, हे त्याच्या मनात येत असेलच. माझ्या येत असे. बाजारात जाऊन झाकण कापून आणावं, निदान तयार असावं, असं मी दर वर्षी ठरवी. दर वर्षी राहून जाई. आणि त्याने आम्हाला वेळच दिली नाही. पेपर मांडीवर, चष्मा नाकावर. त्याच्या तोंडात कुठलंच पाणी पडलं नाही, जड नाही आणि हलकंही नाही.

दहाव्याच्या त्या गृहस्थांचं बोलणं ऐकल्यावर मी घरी आले, गडू पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगमेश्वरच्या बाजारात ग्रिलं बनवणाऱ्याकडे गेले. त्याने आधी छिन्नी लावून पाहिली, मग यंत्राची चक्री घेतली. ठिणग्या उडाल्या. झाकण निघायला बराच वेळ लागला. त्याने कापलेली कड उन्हात धरून पाहिली.

“मावशी, हे काम कुणाचं? आता असं कोणी करत नाही.”

“आमच्या भावाच्या ओळखीचा माणूस होता,” मी म्हणाले.

गडू झाकणापर्यंत भरलेला होता. तीस-पस्तीस वर्षांत खरोखरच एक थेंब गळला नव्हता. पाणी स्वच्छ होतं, तळाशी बोटभर जाडीचा गाळ. “पोचे काढून देऊ का?” त्याने विचारलं. मी नको म्हणाले.

तिथून चालत संगमावर गेले. आदल्या दिवशी ज्या पायरीवरून आम्ही दादाच्या अस्थी सोडल्या होत्या तिथे आले आणि गडू हातात घेऊन उभी राहिले. इथे ओतावं, की कुठे? आणि मला एकदम काकूचा प्रश्न आठवला. वरच्या अंगाला की खालच्या? इतकी वर्षं ज्या प्रश्नाने माझं डोकं फिरत आलं तोच आता मी स्वतःला विचारत होते, आणि उत्तर सापडल्याशिवाय हात उलटा होत नव्हता.

मग मी पायऱ्या सोडून, कातळावरून हात टेकत, पंधरा-वीस पावलं वर गेले. तिथून ओतलं, म्हणजे वाहत खाली त्याच्यापर्यंत जाईल.